वीस तारखेलाही वेळेवर घरी: नागपुरातल्या नव्या अकाउंटंटसाठी ऑटोमेशनची सुरुवात

इतवारीतल्या होलसेलरकडे लागा, धंतोलीतल्या सीएच्या ऑफिसात लागा की हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात, नव्या अकाउंटंटला पहिल्या महिन्यातच एक गणित कळतं. ७ तारखेला टीडीएस (कापून ठेवलेला आयकर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआयसी (कामगारांचा विमा), २० ला ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). कॅलेंडरचा महिना तीस दिवसांचा असला तरी आपला महिना या चौदा दिवसांतच घडतो. त्या दिवसांत घरच्यांशी संबंध उरतो तो झाकून ठेवलेल्या ताटापुरता.

मी लहान ऑफिसात काम करते. पार्ट्या, म्हणजे आमचे ग्राहक, बहुतेक व्यापारी, काही छोटे कारखाने, एखाद-दोन ट्रान्सपोर्टवाले. आमचा सगळा कारभार टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि व्हॉट्सॲपवर चालतो, म्हणून हा लेखही त्या तिघांपुरताच आहे. महागडं सॉफ्टवेअर घ्या असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याला उशीर होतो तो टायपिंगमुळे कमी आणि कागद मागण्यात जास्त. त्यामुळे ऑटोमेशन एन्ट्रीपासून सुरू न करता कागद हाती येण्यापासून सुरू करायचं. नाहीतर एन्ट्री मिनिटांत होते आणि १९ च्या रात्री आपण बिलांची वाट बघत बसतो, ते काही सुटत नाही.

सुरुवातीला काय काय हवं

- टॅलीप्राइम, चालू सबस्क्रिप्शनसह. एक्सेलमधून थेट इम्पोर्ट ४.० पासून आहे, जीएसटी पोर्टलशी थेट जोडणी ५.० पासून, आणि बँक स्टेटमेंटवरून व्हाउचर (व्यवहाराची नोंद) बनवायची चांगली सोय ६.० मध्ये आली. जुनी आवृत्ती असेल तर आधी सेठला अपडेटसाठी तयार करा.
- एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरचं. त्यात पॉवर क्वेरी (बाहेरच्या फाइलमधली माहिती आणून साफ करायचं साधन) आधीपासून असते, वेगळी विकत घ्यावी लागत नाही.
- ऑफिसच्या वेगळ्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस. स्वतःचा नंबर पार्टीला देऊ नका. आधीच दिला असेल तर हळूहळू सोडवा.
- गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह, आणि एक बाहेरची हार्ड डिस्क.
- पासवर्ड ठेवायला कीपाससारखं मोफत साधन.
- प्रत्येक पार्टीकडून: जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, सगळ्या बँक खात्यांची यादी (घरच्या खात्यातून धंद्याचा व्यवहार होत असेल तर तेही), बिलांच्या सिरीजची यादी, डीएससी (डिजिटल सही) कधी संपते ती तारीख, आणि कोणतं काम कोण करणार याचं सही केलेलं पत्र.

शेवटचं पत्र सगळे टाळतात. पुढे तारखांवरून वाद झाला की तेच कामी येतं.

१. दोन आठवडे नुसती नोंद ठेवा

काहीही बदलायच्या आधी एका वहीत लिहा, वेळ नेमका कशात जातो. पाच रकाने पुरे: कागद मागणं, टायपिंग, मिलान (दोन याद्या जुळवणं), पोर्टल, पार्टीच्या प्रश्नांना उत्तरं. मिनिटामिनिटाचा हिशोब नको, अर्ध्या तासाच्या अंदाजानं लिहा. ही नोंद ७ ते २० च्या दरम्यानच करायची, कारण २५ तारखेला आपण सगळेच शिस्तीत असतो.

बहुतेकांच्या वहीत पहिला आणि शेवटचा रकाना सगळ्यांत लांब निघतो. तुमचा तिसरा लांब असेल तर खालची सहावी पायरी आधी वाचा.

२. कागद येण्याची वाट बांधा

आधी दोन तारखा ठरवा. विक्रीची बिलं ५ पर्यंत. खरेदीची बिलं आणि बँक स्टेटमेंट ८ पर्यंत. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' म्हणून हा मजकूर साठवून ठेवा:

"नमस्कार भाऊ, सप्टेंबरची विक्रीची बिलं ५ ऑक्टोबरपर्यंत आणि खरेदीची बिलं व बँक स्टेटमेंट ८ ऑक्टोबरपर्यंत पाठवा. ८ नंतर आलेली खरेदी पुढच्या महिन्यात धरली जाईल."

इतवारी-गांधीबागेतल्या बऱ्याच पार्ट्यांसाठी हाच मजकूर हिंदीतही ठेवावा लागतो. "मॅडम, कल पक्का भेजता" हे उत्तर त्याच भाषेत येतं, तेव्हा स्मरणपत्रही त्याच भाषेत गेलेलं बरं.

मजकुरातलं शेवटचं वाक्य धमकी नाही. कायद्यात तेवढी जागा आहे. खरेदीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी विक्रीच्या करातून वळता करणं, त्याच महिन्यात घेतलं नाही तर बुडत नाही. पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यातलं जे आधी असेल तोपर्यंत घेता येतं. विक्रीचं मात्र तसं नाही. विक्रीचं बिल राहिलं तर कर तर लागतोच, वर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. म्हणजे १९ तारखेच्या रात्री नऊला कोणी बिलांची पिशवी घेऊन आलं तर विचारायचा प्रश्न एकच: यात विक्री आहे का? नसेल तर पिशवी ठेवून घ्या आणि घरी जा. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून तो सगळंच त्या रात्री कोंबत बसतो. एक अडचण असते: उशिरा आलेल्या बिलाचं क्रेडिट या महिन्यात धरलं नाही तर पार्टीला या महिन्यात रोख कर जास्त भरावा लागतो. एकदा तसा भरला की पुढच्या महिन्यात बिलं आपोआप ६ तारखेला येतात, हा माझा अनुभव.

इथले नेहमीचे सापळे:

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. आपण पाठवून मोकळे होतो आणि अर्ध्या पार्ट्यांना काही मिळालेलंच नसतं. नंबर सेव्ह करून घेणं हे पहिल्या भेटीतलंच काम. एकदम शेकडो मेसेज पाठवणारी अनधिकृत ॲप वापरू नका, नंबर बंद पडतो.

गूगल फॉर्मवर फाइल मागवायची असेल तर पाठवणाऱ्याला गूगलमध्ये लॉगइन असावं लागतं. दुकानातला मुलगा तिथंच अडतो. त्यापेक्षा फाइल व्हॉट्सॲपवरच मागवा आणि ड्राइव्हवर प्रत्येक पार्टीचं एक फोल्डर करून त्यात स्वतः टाका.

पेट्रोल पंपाच्या आणि कार्ड मशीनच्या पावत्या थर्मल कागदावर असतात. नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली पावती जूनमध्ये काळी किंवा कोरी झालेली मिळते. पार्टीला सांगा, पावती हातात आली की फोटो काढायचा, कागद नंतर.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रकार ठेवा, म्हणजे फोल्डर आपोआप क्रमानं लागतो. नाव रोमन लिपीत आणि स्पेस न देता ठेवलेलं चांगलं.

३. जे काम करायची गरजच नाही ते काढून टाका

जे काम मुळातच कमी करता येतं त्याचं ऑटोमेशन कशाला करायचं? ज्या पार्टीची उलाढाल ५ कोटींपर्यंत आहे ती क्यूआरएमपी (रिटर्न तिमाहीला, कर महिन्याला) योजनेत जाऊ शकते. ही योजना १ जानेवारी २०२१ पासून आहे. ३बी वर्षात बारा वेळा भरण्याऐवजी चार वेळा, आणि महाराष्ट्रासाठी तिमाहीनंतरची २२ तारीख. मधल्या दोन महिन्यांत २५ पर्यंत फक्त चलन भरायचं. एप्रिल-जून तिमाहीसाठी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिलच्या दरम्यान निवड करता येते, बाकी तिमाह्यांचंही तसंच.

पार्टीचे ग्राहक नोंदणीकृत व्यापारी असतील तर त्यांना दर महिन्याला २बी मध्ये (सप्लायरांनी टाकलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) बिल दिसायला हवं असतं. त्यासाठी १३ तारखेपर्यंत आयएफएफवर (मधल्या महिन्यांत बिलं टाकायची पोर्टलवरची सोय) ती बिलं टाकता येतात, महिन्याला ५० लाखांच्या मर्यादेत. किरकोळ विक्री करणाऱ्या दुकानदाराला याचीही गरज पडत नाही. अशा पार्ट्या आधी हलवा. यात एक ओळही कोड लिहावा लागत नाही आणि महिन्यातली कामं तिथल्या तिथे घटतात.

४. बँक स्टेटमेंट: पहिला यंत्राचा प्रयोग इथे

बँक स्टेटमेंट म्हणजे छापील, एकसारखा, रोजचा माल. म्हणून पहिला प्रयोग इथे करा आणि त्यासाठी सगळ्यांत नीट पार्टी निवडा. बरेच जण सगळ्यांत त्रासदायक पार्टीवर सुरुवात करतात, कारण तिथे वेळ जास्त जातो. तिथे ऑटोमेशनही फसतं आणि मनही उतरतं.

स्टेटमेंट पीडीएफ नको, नेट बँकिंगमधून एक्सेल किंवा सीएसव्ही मागवा. पीडीएफच आली तर मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या एक्सेलमध्ये 'गेट डेटा' मधून ती वाचता येते. पार्टीचं स्टेटमेंट कुठल्यातरी मोफत 'पीडीएफ टू एक्सेल' वेबसाइटवर चढवू नका. मोफत चॅटबॉटलाही खाते क्रमांक आणि पॅनसकट देऊ नका. माहिती पार्टीची आहे, आपली नाही.

मग एक नियमपत्रक बनवा. एक्सेलची साधी शीट, दोन रकाने: नॅरेशनमध्ये (व्यवहाराच्या वर्णनात) कोणता शब्द आला तर कोणतं लेजर (खातं). महावितरणचं नाव आलं तर वीज खर्च, बँक चार्जेस आलं तर बँक चार्जेस, ठरलेल्या सप्लायरचं नाव आलं तर त्याचं खातं. सुरुवातीला पंधरा-वीस ओळी पुरतात. पॉवर क्वेरी किंवा साधं शोध-सूत्र हे पत्रक बघून लेजर लावतं, आणि ती शीट टॅलीत इम्पोर्ट होते.

ज्याला नियम लागला नाही ते सस्पेन्समध्ये (खुलासा होईपर्यंतचं तात्पुरतं खातं) जाऊ द्या. अंदाजानं कुठेही टाकू नका. यूपीआयच्या ओळी फार फसव्या असतात. चालू खात्यातून मालक दुकानाचं भाडंही देतो आणि घरचा किराणाही, आणि नॅरेशन दोन्हीकडे सारखंच दिसतं. सस्पेन्सची यादी दर शनिवारी मालकाला पाठवा. मार्चअखेर विचारलं तर त्यालाच आठवत नाही.

पॉवर क्वेरीत करायच्या दोन तपासण्या:

तारखा. फाइल थेट डबल-क्लिक करून उघडली आणि संगणक अमेरिकन पद्धतीवर असला तर ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्टचं ८ मे होतं. १२ च्या वरचे दिवस नुसता मजकूर म्हणून राहतात, म्हणून अर्धी शीट बरोबर दिसते आणि अर्धी चूक. पॉवर क्वेरीत तारखेच्या रकान्यावर 'चेंज टाइप', मग 'युझिंग लोकेल', मग इंग्लिश (इंडिया) निवडा.

शिल्लक. सुरुवातीची शिल्लक अधिक जमा उणे नावे बरोबर शेवटची शिल्लक, हा एक सेल शीटच्या माथ्यावर ठेवा. तो शून्य फरक दाखवत नाही तोवर इम्पोर्टला हात लावायचा नाही.

जाता जाता आणखी एक नियम टाकून ठेवा: एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख खर्च दिसला तर ओळ लाल व्हावी. माल वाहणाऱ्या गाडीवाल्यासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. हे सप्टेंबरच्या ऑडिटमध्ये सापडण्यापेक्षा त्याच आठवड्यात सापडलेलं बरं.

५. विक्री आणि खरेदी

विक्री बहुतेक पार्ट्यांकडे कुठल्या ना कुठल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये असते. तिथून एक्सेल काढा, टॅलीत इम्पोर्ट करा. हाताने पुन्हा टाइप करणं म्हणजे एकच चूक करायची दुसरी संधी. उलाढाल ५ कोटींवर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतंच. मग ती बिलं जीएसटीआर-१ मध्ये आपोआप येतात, तुमचं काम फक्त ताळा बघायचं.

खरेदीच्या कागदी बिलांसाठी फोटोवरून वाचणारी ॲप मिळतात. छापील बिलांवर ती बरी चालतात. कळमन्यातल्या अडत्याच्या हातच्या पट्टीवर किंवा इतवारीतल्या कार्बन कॉपीवर त्यांचा भरवसा धरू नका. तिथे हातानेच एन्ट्री मारा आणि पुढच्या कामाला लागा. शंभरातली वीस बिलं हातानं होत असतील तर होऊ द्या, त्या विसांसाठी पैसे खर्चू नका.

एक्सेलचा मोठा खोडसाळपणा बिल क्रमांकात असतो. ३-५ असा बिल नंबर टाइप केला की तो त्याची तारीख करतो. १२ई५ सारखा नंबर त्याला घातांकातली संख्या वाटते. पंधरापेक्षा जास्त अंकांच्या खाते क्रमांकाचे शेवटचे अंक तो शून्य करून टाकतो. हे सगळे रकाने आधी 'टेक्स्ट' करा, मग माहिती पेस्ट करा. उलट क्रमानं केलं तर गेलेली माहिती परत येत नाही.

जीएसटीआयएनसाठी (जीएसटी नोंदणीचा क्रमांक) छोटी तपासणी लावा: लांबी १५ आहे का, पहिले दोन अंक राज्याचे बरोबर आहेत का. आपल्याकडे हे फार कामाचं. महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. नागपूरचा निम्मा व्यापार या दोन शेजाऱ्यांशी असल्यासारखा आहे, आणि मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या पार्टीला आयजीएसटीऐवजी (राज्याबाहेरच्या विक्रीचा कर) सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा कर) लावलेलं बिल घाईत सहज निघतं.

६. २बी चं मिलान: खरी बचत इथे

१ जानेवारी २०२२ पासून जे बिल २बी मध्ये दिसतं त्याचंच क्रेडिट मिळतं. २बी तयार होते १४ तारखेला आणि ३बी २० ला. मधे सहा दिवस. त्या सहा दिवसांत एकेक बिल पेन्सिलीनं टिक करायचं म्हणजे शनिवार-रविवार गेलाच. हे काम यंत्राला द्यायलाच हवं.

आधी टॅलीतून महिन्याचं पर्चेस रजिस्टर एक्सेलमध्ये काढा. पोर्टलवरून २बी ची एक्सेल फाइल उतरवा. २बी मध्ये बी२बी, क्रेडिट-डेबिट नोट अशा वेगवेगळ्या शीट असतात आणि वरच्या काही ओळी मर्ज केलेल्या शीर्षकांच्या असतात. पॉवर क्वेरीत त्या ओळी काढून रकान्यांना स्वतः नावं द्या. एकदा केलं की पुढच्या महिन्यात नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकून 'रिफ्रेश' दाबायचं.

दोन्हीकडे एक 'किल्ली' रकाना बनवा: जीएसटीआयएन आणि स्वच्छ केलेला बिल नंबर एकत्र. स्वच्छ करणं म्हणजे रेघा, तिरक्या रेघा आणि स्पेस काढणं, सगळी अक्षरं मोठी करणं, आणि सुरुवातीचे शून्य काढणं. नियमाप्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांपर्यंतच असू शकतो, पण त्या सोळांत लोक काय काय भरतात! सप्लायर पूर्ण नंबर वर्षासकट टाकतो आणि आपल्या ऑफिसातला मुलगा फक्त शेवटचे तीन अंक. म्हणून एन्ट्री करतानाच पूर्ण नंबर टाकायची सवय लावा. निम्मं मिलान तिथेच होतं.

मग पॉवर क्वेरीतलं 'मर्ज क्वेरीज' (दोन याद्या जोडायची सोय). तीन फेऱ्या करा.

पहिली फेरी, किल्ली आणि करपात्र रक्कम दोन्ही जुळतात. रुपया-दोन रुपयांचा राउंड-ऑफ चालवून घ्या. ही बिलं मोकळी.

दुसरी फेरी, उरलेल्यांत जीएसटीआयएनच्या मधली दहा अक्षरं-अंक, म्हणजे पॅन, आणि रक्कम जुळते. यात गंमत सापडते. रायपूरच्या लोखंडवाल्याची नागपुरातही शाखा असते. आपल्या लेजरमध्ये त्याचा २७ चा नंबर असतो आणि बिल त्यानं २२ वरून टाकलेलं असतं. पॅन एकच, म्हणून दुसऱ्या फेरीत दोन्ही समोरासमोर येतात. पण या फेरीतलं एकही बिल आपोआप मान्य करू नका. एक्सेलमधली अंदाजानं जुळवायची सोय तर इथे बंदच ठेवा. डोळ्यांनी बघा, लेजर दुरुस्त करा, तेव्हाच पुढे.

तिसरी फेरी म्हणजे उरलेलं: आपल्याकडे आहे पण २बी मध्ये नाही, आणि २बी मध्ये आहे पण आपल्याकडे नाही. 'लेफ्ट अँटी' आणि 'राइट अँटी' असे दोन जॉइन (जोडायचे प्रकार) असतात, ते या याद्या वेगळ्या काढून देतात. दुसरी यादी पार्टीला पाठवा. बिल दुकानाच्या ड्रॉवरमध्ये असतं. पहिली यादी सप्लायरसाठी.

सप्लायरला फोन १५ तारखेला करून उपयोग कमी, कारण त्याची ११ उलटून गेलेली असते. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस (सप्लायरचं बिल स्वीकारायचं, नाकारायचं किंवा थांबवून ठेवायचं पान) आलंय. सप्लायरनं जीएसटीआर-१ मध्ये बिल सेव्ह केलं की ते तिथे दिसायला लागतं. ९-१० तारखेला तिथे नजर टाका आणि मोठ्या रकमांची बिलं दिसत नसतील तर त्याच दिवशी फोन करा. आयएमएसमध्ये काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. माल आलेला नसेल तर 'पेंडिंग' ठेवायला विसरू नका. १४ नंतर काही बदल केले तर २बी पुन्हा काढावी लागते.

जुळलं म्हणजे क्रेडिट मिळालं, असा गैरसमज यंत्रामुळे वाढतो. मालकाच्या गाडीचं बिल, हॉटेलचं जेवण २बी मध्ये दिसतं, पण बहुतेक वेळा त्याचं क्रेडिट घेता येत नाही. या लेजरांना नियमपत्रकातच 'क्रेडिट नाही' अशी खूण करा. आणि ट्रान्सपोर्टच्या भाड्यावर आरसीएम (सेवा घेणाऱ्यानंच कर भरायची पद्धत) लागतो का ते वेगळं बघा. लॉजिस्टिकच्या या शहरात ती ओळ जवळजवळ प्रत्येक पार्टीकडे असते.

विक्रीच्या बाजूला एक सावधगिरी: ३बी मधले विक्रीचे आकडे जीएसटीआर-१ वरून येतात. ११ तारखेला चूक गेली असेल तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए (जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीचा फॉर्म) नं ती सुधारा. म्हणून १० तारखेला टॅलीची विक्री आणि जीएसटीआर-१ ची बेरीज यांचा फरक दाखवणारा एक सेल हवा.

७. पोर्टल, ओटीपी आणि डीएससी

इथे ऑटोमेशनची हद्द संपते, ते मान्य करा. कॅप्चा चुकवणाऱ्या, आपोआप लॉगइन करणाऱ्या स्क्रिप्टच्या नादी लागू नका. टॅलीतून थेट अपलोड करायचं असेल तर पोर्टलवर पार्टीच्या प्रोफाइलमध्ये एपीआय ॲक्सेस (बाहेरच्या सॉफ्टवेअरला जोडणीची परवानगी) चालू करावा लागतो. तो ठरावीक मुदतीचा असतो. संपला की पुन्हा ओटीपी.

ओटीपी मालकाच्या फोनवर जातो आणि मालक लग्नात असतो. उपाय साधा: महिन्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक पार्टीची 'ओटीपी वेळ' ठरवा, १६ ते १८ च्या दरम्यान दुपारी चार ते पाच. कॅलेंडरमध्ये दोघांनाही आमंत्रण जातं, आदल्या दिवशी आठवण जाते. २० च्या संध्याकाळी पोर्टल लटकलं की कोणाचाच इलाज चालत नाही. ३बी ला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये, निल (काहीच व्यवहार नसलेलं) असेल तर २०. रक्कम लहान वाटते, पण बिल आपल्या नावावर फाटतं.

डीएससी संपायच्या महिनाभर आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका. पासवर्ड भिंतीवरच्या कागदावर किंवा एक्सेल शीटमध्ये नकोत.

८. बॅकअप आणि वही

टॅलीचा डेटा रोज रात्री आपोआप कॉपी व्हावा असं विंडोजच्या टास्क शेड्युलरनं लावता येतं. कॉपीच्या वेळी कंपनी बंद असली पाहिजे, नाहीतर अर्धवट फाइल जाते. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवू नये.

पार्टी कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) असलेलं सॉफ्टवेअर लागतं, म्हणजे इम्पोर्ट केलेली आणि नंतर खोडलेली एन्ट्रीही दिसते. चाचणी नेहमी डमी कंपनीत करा.

आणि प्रत्येक क्वेरी काय करते ते मराठीत, साध्या वाक्यांत एका वहीत लिहून ठेवा. बहुतेक ऑफिसांत हे सगळं एखादा हुशार आर्टिकल (सीए शिकणारा उमेदवार) बनवतो आणि नेमका ऑडिटच्या मोसमात परीक्षेच्या सुट्टीवर जातो.

९. वाचलेला वेळ पळू देऊ नका

पहिले दोन महिने जुन्या आणि नव्या दोन्ही पद्धती एका पार्टीवर सोबत चालवा. त्या काळात काम वाढतं, कमी होत नाही. घरी तसं सांगून ठेवा. तिसऱ्या महिन्यापासून वेळ सुटायला लागतो, आणि तेव्हा खरा धोका येतो: सेठ म्हणतो, "वेळ आहे तर आणखी चार पार्ट्या घ्या ना." नोकरीत असाल तर हे बोलणं सुरुवातीलाच करून ठेवा, काम सुरळीत झाल्यावर नाही. किमान दोन तिमाह्या नवी पार्टी नको, असं लेखी मिळालं तर उत्तम. स्वतःचं काम असेल तर ही अट स्वतःवर घालणं जास्त अवघड, कारण नाही म्हणायला समोर कोणी नसतं. नवी पार्टी घ्यायचीच असेल तर ५ आणि ८ च्या तारखा मान्य करणारीच घ्या, आणि उशिरा कागद देणाऱ्या जुन्या पार्टीची फी वाढवा.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'अवे मेसेज' ऑफिसच्या वेळेबाहेर आपोआप जातो. संध्याकाळी सातपासून सकाळी दहापर्यंत लावा: "आपला मेसेज मिळाला. उद्या सकाळी १० नंतर उत्तर देऊ. आज नोटीस आली असेल तर नोटिशीचा फोटो पाठवून ठेवा." मग रात्री उत्तर देऊ नका. एकदा साडेनऊला उत्तर दिलं की तुमची वेळ साडेनऊची ठरते.

सणांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये बंद करा. पोळा, दुसऱ्या दिवशीची मारबत आणि तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या हे सगळं टॅक्स ऑडिटच्या ३० सप्टेंबरच्या तोंडावर येतं. ऑफिसात दोघं असाल तर मारबतीचा दिवस एकाला आणि महालक्ष्म्यांचा दुसऱ्याला, असं जानेवारीतच वाटून घ्या आणि पार्ट्यांना जुलैच्या मेसेजमध्ये कळवा. ऑडिटची बँक कन्फर्मेशन, कर्जाची स्टेटमेंट, स्टॉकची यादी एवढे तीन कागद ३१ जुलैपर्यंत मागवा. बाकी सगळं चौथ्या पायरीच्या शीटमधून निघतं.